जुन्या पानांच्या फोटोत एक बाजू उजळ आणि एक बाजू काळपट येतेय? तपासायचं कसं आणि कुठे थांबायचं

आमच्या तालुक्याच्या वाचनालयातले जुने दिवाळी अंक, मासिकांचे बांधीव खंड आणि लोकांनी घरच्या माळ्यावरून काढून आणलेले मोडी कागद, यांचे फोटो काढून जपायचं काम मी बरीच वर्षं करतेय. कॅमेरा, उभा स्टँड, दोन दिवे आणि एक जुना लॅपटॉप एवढाच सरंजाम आहे. या कामात मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं ते एकच, की ताई, पान डावीकडे लख्ख दिसतंय आणि उजवीकडे धुरकटलंय, काय करू? आसपासच्या गावांत हे काम करणाऱ्या मुलामुलींचे फोन येतात, फोटो येतात, आणि बहुतेक वेळा दोष त्याच सहा-सात जागांपैकी कुठेतरी सापडतो, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय.

हे फक्त दिसायला वाईट असतं तर मी एवढी मागे लागले नसते. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, त्याच्या आधीच्या छपाईत शब्दाशब्दावर अनुस्वार असायचे, केलें, घरें, त्यांनीं, मुलींनीं. तो ठिपका कागदावर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. पान पुढे काळं-पांढरं करताना किंवा मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला देताना उजळ बाजूचे असे ठिपके उडून जातात आणि काळपट बाजूला कागदाचे डागच ठिपके बनून बसतात. म्हणजे एकाच पानावर डावीकडे 'त्यानी' आणि उजवीकडे नसलेलं 'कांरण'. पुढे कुणी त्यावर अभ्यास करेल तेव्हा त्याला कळणारही नाही की हा उजेडाचा दोष होता.

आधी लक्षणं बघा, तुमचं कुठलं आहे ते ठरवा:

- एका बाजूकडून दुसरीकडे हळूहळू अंधारत जातं. बहुतेक वेळा दिवा, खिडकी किंवा तुमची स्वतःची सावली.
- मधे उजळ आणि चारी कोपरे दबलेले. भिंग, नाहीतर दोन्ही दिव्यांचं तोंड मधोमध.
- आडवे किंवा उभे पट्टे, प्रत्येक फोटोत थोडे सरकलेले. दिव्याची लुकलुक.
- शिवणीकडे काळी पन्हळ. पान वळतंय.
- एखादा पांढरा फटक, तिथली अक्षरंच गायब. चकाकी.
- प्रत्येक पान वेगळ्या उजेडाचं, एक पिवळं तर एक निळसर. कॅमेऱ्याचं ऑटो.
- सगळ्या फोटोंत त्याच जागी एक अंधुक गोल डाग. भिंगावर किंवा आत सेन्सरवर (उजेड टिपणारा भाग) काहीतरी.

पान उलटं फिरवा

एक पैसा लागत नाही आणि मी दरवेळी इथूनच सुरू करते. पान आहे तसं ठेवून एक फोटो घ्या, मग बाकी काहीही न हलवता पान १८० अंशात फिरवून दुसरा घ्या. काळपटपणा पानाबरोबर फिरला तर तो कागदाचा आहे, जागच्या जागी राहिला तर तो उजेडाचा किंवा भिंगाचा आहे. स्वस्त कागदात लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन असतं, ते हवेने आणि उजेडाने पिवळं पडतं, आणि पडतं ते कडांकडून आत. त्यामुळे जुन्या अंकाच्या कडा खरोखरच काळपट असतात. ते वय आहे, बिघाड नाही. एका मुलाने एका अख्ख्या खंडाच्या कडा सॉफ्टवेअरमध्ये घासून घासून पांढऱ्या केल्या होत्या, तिथे पेन्सिलीने कुणीतरी लिहिलेल्या किमती आणि नावं होती, ती सगळी गेली आणि तो खंड आम्हाला परत काढावा लागला. जे कागदाचं आहे ते तसंच राहू द्या.

पुसा, झाका, बाजूला व्हा

दोष उजेडाचा ठरला की आधी भिंग पुसा, मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने, पदराने नाही. मोबाईलच्या भिंगावर बोटाचं तेल असतं आणि त्यामुळे दिव्याचा उजेड पसरून फोटोचा एक कोपरा दुधाळ होतो. मग खिडकी बंद करा किंवा जाड चादर लावा, कारण दुपारी बाराला घेतलेलं पान आणि चारला घेतलेलं पान कधीच जुळणार नाही, ढग आला की तेवढ्यातही फरक पडतो. छताची ट्यूब बंद करा. पंखा ट्यूबच्या खाली असेल तर पात्यांच्या सावल्या पानावरून फिरत राहतात, डोळ्याला जाणवत नाही पण फोटोत एक पान उजळ आणि पुढचं मंद येतं. आणि पांढरा शर्ट घालून पानावर वाकू नका, शर्टावरून उजेड उडून त्या बाजूला पडतो, गडद रंगाचा घाला.

निम्म्या तक्रारी इथेच संपतात, खरं सांगते.

ऑटो बंद करा

कॅमेरा दर फोटोला स्वतः ठरवत असेल की किती उजेड घ्यायचा, तर मोठ्या काळ्या चित्राचं पान आलं की तो उजळ करतो आणि कोऱ्या जागेचं पान आलं की दाबतो. म्हणून मॅन्युअलवर ठेवा, म्हणजे सगळं तुम्ही ठरवायचं: आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ (भिंगाचं तोंड किती उघडं, आकडा मोठा तितकं लहान) ८, शटर (किती वेळ उजेड घ्यायचा) एकदा ठरवून पक्कं, व्हाइट बॅलन्स (पांढरा कसा दिसावा) पक्का. मोबाईल असेल तर प्रो मोड वापरा आणि एचडीआर बंद करा. एचडीआर फोटोच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळं उजळवतं, त्यामुळे खरा दोष कुठे आहे हेच लपतं आणि पुढची कुठलीच दुरुस्ती नीट बसत नाही.

कोऱ्या कागदाचं माप

आता नजरेवर विश्वास ठेवायचा नाही. आपला डोळा उजेडातला हळूहळू होणारा फरक आपोआप सांभाळून घेतो, टेबलापाशी उभं राहून सगळं एकसारखंच वाटतं. म्हणून एक स्वच्छ, चकाकी नसलेला पांढरा ड्रॉइंग पेपर पानाच्या जागी ठेवा, फोटो घ्या आणि कुठल्याही फोटो सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉपर फिरवून मध्यभागी आणि चारी कोपऱ्यांत आकडे वाचा. आकडे ० ते २५५ मध्ये असतात. मधला आकडा २०० ते २३० मध्ये येईल असं शटर ठेवा, २५५ ला टेकला तर पुढे करण्यासारखं काही उरत नाही.

परवाच एकाने पाठवलेल्या फोटोत मधे २१० आणि खाली उजवीकडे १६० होते. तो म्हणाला, पन्नासचाच फरक आहे, म्हणजे पावपट. तसं नसतं. फोटोतले आकडे सरळ उजेडाचे नसतात, ते साधारण २.२ च्या घातांकाने वाकवलेले असतात, त्यामुळे १६० भागिले २१० म्हणजे ०.७६, त्याचा २.२ वा घात केला की येतं ०.५५. म्हणजे त्या कोपऱ्यात मधल्याच्या जेमतेम ५५ टक्के उजेड पोचत होता! जवळजवळ निम्मा. मी स्वतः पाच-सहा आकड्यांपर्यंतचा फरक चालवून घेते, दहाच्या वर गेला की दिव्यांकडे वळते.

दिवे

इथे जरा वेळ द्या, कारण खरा इलाज इथेच आहे आणि पैसेही फारसे लागत नाहीत. छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. दिवा डावीकडे ४० सेंटिमीटरवर असेल आणि पान ३० सेंटिमीटर रुंद असेल तर पानाची लांबची कड ७० सेंटिमीटरवर येते, ७० भागिले ४० चा वर्ग म्हणजे तीन, जवळच्या कडेला तिप्पट उजेड. तोच दिवा १२० सेंटिमीटरवर नेला तर १५० भागिले १२० चा वर्ग, साधारण दीडपट. नुसता दिवा मागे नेल्याने तिपटीचं दीडपटीवर आलं. उजेड कमी झाला म्हणून घाबरू नका, कॅमेरा स्टँडवर आहे, पान हलत नाही, शटर जास्त वेळ उघडं ठेवा.

मग दुसऱ्या बाजूला अगदी तसाच दुसरा दिवा, त्याच कंपनीचा, त्याच वॉटचा, त्याच दिवशी आणलेला. एक जुना आणि एक नवा लावला तर एक बाजू पिवळसर पडते. दोन्ही दिवे पानाच्या पातळीपासून ४५ अंशांवर, आणि अंतर सुतळीने मोजा, पावलांनी नाही. माझ्याकडे एका सुतळीला दोन गाठी मारून ठेवल्यात, एक गाठ पानाच्या मध्यावर आणि दुसरी दिव्याला टेकली पाहिजे. दिव्यांचं तोंड मध्यावर रोखू नका, डाव्या दिव्याचं तोंड पानाच्या उजव्या भागाकडे आणि उजव्याचं डावीकडे करा, त्यामुळे मधे ढीग होत नाही.

जुळलंय का ते बघायला टेबलाच्या मध्यावर एक पेन्सिल उभी धरा. तिच्या दोन सावल्या पडतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोन्ही सारख्या लांब आणि सारख्या गडद दिसल्या पाहिजेत. उजवीकडची सावली जास्त गडद असेल तर डावा दिवा जोरात आहे, त्याला थोडा मागे घ्या. नव्या माणसाला मी आधी हेच शिकवते कारण यात काही पाठ करावं लागत नाही, समोर दिसतं. नंतर कोरा कागद ठेवून पुन्हा आकडे वाचा.

दुसरा दिवा आणायची सोय नसेल तर एका दिव्यासमोर पलीकडच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा. दोन दिव्यांइतकं होत नाही, पण खूप सुधारतं.

पट्टे येत असतील तर

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. स्वस्त एलईडीत हे जास्त असतं. मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक शटरचे कॅमेरे फोटो एक एक ओळ करून वाचतात, त्यामुळे काही ओळी तेज उजेडात आणि काही मंद उजेडात वाचल्या जातात आणि पट्टे येतात. शटर १/५० सेकंद, १/२५ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीला पूर्ण फेऱ्या मिळतात. तरीही राहिले तर दिवा बदला. दिवा मंद करायचं बटण लावलं असेल तर ते काढा, बऱ्याच वेळा दोषी तेच असतं.

कोपरे दबत असतील तर

भिंगाचा स्वभावच आहे की कडेला तिरक्या जाणाऱ्या किरणांनी उजेड कमी पोचतो. साध्या भिंगात ३० अंश तिरकं गेलं की मधल्याच्या ५६ टक्केच उरतो, १५ अंशांना ८७ टक्के. म्हणून जवळ जाऊन रुंद भिंगाने घेण्यापेक्षा कॅमेरा वर चढवा आणि लांबून घ्या. मोबाईलचं अल्ट्रावाइड या कामाला घेऊच नका. एफ २ वर घेत असाल तर एफ ८ करून बघा, कोपरे लगेच उघडले तर दोष भिंगाच्या नळीचा होता, काहीच फरक पडला नाही तर पुन्हा दिव्यांकडे जा.

शिवणीची काळी पन्हळ

बांधीव खंडात पान शिवणीकडे खाली वळतं, उतारावर उजेड तिरका पडतो आणि समोरच्या पानाचा आडोसाही येतो. दिवे पुस्तकाच्या डावी-उजवीला असतील तर ही पन्हळ जास्त दिसते, म्हणून पुस्तक ९० अंशांत फिरवा, म्हणजे उजेड शिवणीच्या लांबीने वाहील. फोटो नंतर सरळ करता येतो. ज्या बाजूचं पान घेत नाही त्या बाजूच्या पुठ्ठ्याखाली घडी केलेली सतरंजी किंवा रुमाल द्या आणि पुस्तक शंभर-सव्वाशे अंशांपर्यंतच उघडा. वरून काच दाबायची असेल तर हलक्या हाताने, आणि कडकड आवाज आला की तिथेच थांबा.

मोडी कागदांना शिवण नसते पण घड्या असतात, आणि घडीच्या एका बाजूला नेहमी सावली राहते. त्या इस्त्री करून घालवायला जाऊ नका. काजळीची शाई पाण्याने सहज पसरते, वाफही चालत नाही.

चकाकीचं थोडक्यात सांगते. गुळगुळीत मुखपृष्ठावर फटक आला तर दिवे अजून खाली, ३० अंशांपर्यंत आणा, आणि कॅमेऱ्याच्या मागे काळा कपडा लावा. तरी नाही गेला तर दिव्यांवर पोलरायझर (चकाकी गाळणारी) शीट आणि भिंगावर पोलरायझर फिल्टर असं दोन्ही लागतं, एकट्या फिल्टरने फार होत नाही.

उरलेला फरक भागाकाराने काढा

एवढं करूनही मधे २१५ आणि कोपऱ्यात २०९ असं राहतंच. आता सॉफ्टवेअर. उजेड कागदावरही पडतो आणि शाईवरही, म्हणजे तो सगळ्याला गुणलेला असतो, म्हणून तो वजा करायचा नाही, त्याने भागायचं. वजा केलं की कागद एकसारखा दिसतो पण शाई एका बाजूला फिकी आणि एका बाजूला गडद राहते.

रोज काम सुरू करताना कोऱ्या ड्रॉइंग पेपरचे आठ-दहा फोटो घ्या, दरवेळी कागद थोडा सरकवून, त्याच एफवर, त्याच उंचीवर, फोकस जरासा सोडून. सरकवायचं अशासाठी की कागदाचा पोत आणि एखादा डाग सरासरीत विरघळून जावा. त्यांची सरासरी काढली की तुमच्या उजेडाचा नकाशा तयार. मग प्रत्येक पान त्याने भागा आणि नकाशाच्या सरासरी आकड्याने गुणा.

फुकटात करायचं तर रॉथेरपी या सॉफ्टवेअरमध्ये रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) विभागात फ्लॅट-फील्ड म्हणून सोय आहे, तिथे कोऱ्या कागदाची फाईल दिली की झालं, आणि रॉ फाईलवर होत असल्यामुळे हिशेब सगळ्यात खरा बसतो. जेपेगच (कॅमेऱ्याने आधीच तयार केलेले फोटो) असतील तर गिंप या सॉफ्टवेअरमध्ये कोऱ्या कागदाचा फोटो पानाच्या वरच्या लेअरला ठेवून मोड डिव्हाइड करा. शेकडो पानं असतील तर इमेजजे हे सॉफ्टवेअर, त्यात ३२ बिट निकालाची खूण करायला विसरू नका, नाहीतर भागाकारातले अपूर्णांक तुटतात. लाइटरूम क्लासिक वापरणाऱ्यांना लायब्ररी मेनूत फ्लॅट-फील्ड करेक्शन मिळेल.

दिवा, कॅमेरा, एफ यातलं काहीही हलवलं की कालचा नकाशा आज चालत नाही. त्यावर तारीख घाला.

कोरा फोटो घेतलाच नव्हता आणि मूळ अंक आता हाताशी नाही, असंही होतं. मग पानाचीच एक नक्कल घ्या, ती इतकी ब्लर करा की मथळ्याचं मोठं अक्षरसुद्धा विरून जाईल, आणि तिने मूळ पान भागा. मजकुराच्या पानावर छान होतं. पण चित्राच्या पानावर करू नका, सॉफ्टवेअरला चित्राचा काळा भाग म्हणजे सावलीच वाटते आणि ते चित्र धुऊन टाकतं, वाचनालयाच्या गोल शिक्क्याभोवतीही पांढरं वलय येतं. मूळ फाईल कुठल्याही परिस्थितीत पुसू नका, दुरुस्त केलेली वेगळ्या नावाने ठेवा.

आणि जिथे आकडा २५५ ला टेकलाय तिथे भागून काही परत येत नाही. तो फोटो पुन्हाच घ्यावा लागतो.

स्कॅनरवाल्यांसाठी

काच पुसा, आतला पांढरा गादीसारखा भागही पुसा. एकच उभी रेघ सगळ्या पानांवर त्याच जागी येत असेल तर काचेच्या सुरुवातीच्या कडेला, जिथे स्कॅनर स्वतःचा पांढरा रंग मोजतो, तिथे धूळ असते. जाड पुस्तकाची शिवण काळी आणि अंधुक येत असेल तर तो बहुधा पातळ, यूएसबीवर चालणारा स्कॅनर आहे. काचेपासून दोन-तीन मिलिमीटर वर गेलेलं त्याला नीट दिसत नाही, पुस्तक दाबून उपयोग नाही, कॅमेऱ्यावर या.

इथे हात थांबवा

भिंग आडवं धरून टॉर्चच्या उजेडात आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यानंतर फार होते. ते आत असतं, बाहेरून पुसून जात नाही, भिंग उघडायला जाऊ नका. दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या, आणि तोवर दुसऱ्या भिंगांपासून लांब ठेवा. सेन्सरवरची धूळ रबरी फुग्याने उडाली तर ठीक, नाही उडाली तर त्याला काडी किंवा कापूस लावायचा नाही, तेही दुकानात. स्कॅनरचा आतला दिवा मंद झाला असेल तर काच उचकटू नका. दिव्याच्या होल्डरला चटका बसत असेल किंवा वायर गरम होत असेल तर आधी मेन बंद, मग वायरमन, फोटो नंतर.

आणि कागद. पानाचा कोपरा हलकेच वाकवल्यावर तुटत असेल, पानं एकमेकांना चिकटली असतील, हात लावल्यावर शाईची पूड बोटाला येत असेल, तर त्या दिवशी त्याचा फोटो काढायचाच नाही. पुस्तक आहे तसं स्वच्छ सुती रुमालात बांधा, आडवं ठेवा, वर वजन नको, आणि कागदाचं संवर्धन शिकलेल्या माणसाला दाखवा. माझ्या कपाटात असे चार रुमाल सध्या बांधून ठेवलेत, त्यातल्या एकावर चिठ्ठी आहे की शेवटची सहा पानं चिकटलेली आहेत, ओढू नये.